मावशीचं मशीन

आमच्या बाईंचं मन मोठं. हे मी नाही म्हणत, त्याच म्हणतात, आणि वर्षातून एकदा सगळ्यांना जमवून म्हणतात. वर्षअखेरची सुट्टी लागायच्या आधी त्यांच्या घरी बक्षीस समारंभ असतो. पाहुणे कोचावर बसतात, आम्ही कामाची माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहतो आणि बाई एकेकाला पुढे बोलावून रंगीत कागदात बांधलेलं काहीतरी हातात ठेवतात. नुसतं घेऊन भागत नाही. सगळ्यांसमोर कागद फाडायचा, वस्तू उंच धरायची आणि परदेशातल्या दीरांना दिसावं म्हणून समोर धरलेल्या फोनकडे बघून ‘दोन शब्द’ बोलायचे. मी त्या घरात स्वयंपाक करते. मीठ कमी पडलं की निमूट ऐकून घेते, पण ते दोन शब्द बोलायची वेळ आली की मला अजूनही घाम फुटतो.

बक्षिसं कसली, तर कचऱ्याच्या वाटेला लागलेल्या वस्तू. ड्रायव्हरला साहेबांचे जुने बूट, तेही त्याला घट्ट होणारे. मला अत्तराची बाटली, तळाशी वास तेवढा उरलेला. धर्माची गाय अन् दात का नाय, असं म्हणून आम्ही घेतो. बाईंचं कपाट मोकळं होतं, वर पुण्यही पदरात पडतं.

यंदा मात्र मावशीला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मावशी त्या घरात धुणंभांडी आणि केरफरशी करते. बाईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं तिनंच केलं. आम्ही त्यांना थोरल्या बाई म्हणायचो. मागच्या खोलीच्या कोपऱ्यात त्यांचं शिलाई मशीन असायचं, पायानं चालवायचं, फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेलं. मावशीची लेक लहान असताना आईचा पदर धरून कामावर यायची आणि थोरल्या बाई तिला जवळ घेऊन सरळ टीप मारायला शिकवायच्या. जायच्या आधी त्या मावशीला म्हणाल्या, "माझ्यामागे हे मशीन तुझ्या पोरीचं." बाई तिथंच औषधाची बाटली हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. थोरल्या बाई गेल्या आणि मशीनवर इस्त्रीच्या कपड्यांचे ढीग साठायला लागले. मावशी कपडे उचलून धूळ पुसायची, वेळच्या वेळी तेल घालायची, पण तोंडानं कधी मागितलं नाही. थोरल्या बाईंचा शब्द वाया जाणार नाही, एवढंच म्हणायची.

लेक आता एका शिंप्याकडे काजं-बटणं करत होती. दिवसभर मान मोडून बसायचं आणि वर त्याची शिवराळ बोलणी खायची. शाळेचे गणवेश शिवून घेणारा एक ठेकेदार तिला घरबसल्या काम द्यायला तयार होता. अट एकच, मशीन स्वतःचं पाहिजे.

आणि अशात एके दिवशी बाई जाता जाता म्हणाल्या, "मावशी, यंदा तुमच्यासाठी मशीन, बरं का! आणि हो, आईंचं मशीन न्यायला उद्या सुतार येईल. मागचा कोपरा स्वच्छ करून ठेवा."

मावशी स्वयंपाकघरात आली ती डोळे पुसतच. "ऐकलंस? सुताराकडून नीट करून देणार आहेत. फळी फुगली होती ना एका बाजूनं. बाईंच्या लक्षात होतं गं सगळं!"

मलाही खरं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा हेवाही वाटला.

पण दोन-चार दिवसांनी त्या रिकाम्या कोपऱ्यात नळवाला येऊन खटपट करू लागला. मी चहा द्यायच्या निमित्तानं डोकावले. भिंतीतून पाइप काढलेला, खाली पाणी जायला भोक पाडलेलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मावशीला भांडी घासता घासता गाठलं.

"अगं, कोपऱ्यात नळ बसवताहेत."

"बसवू देत की."

"शिलाई मशीनला नळ कशाला लागतो?"

तिनं हातातलं पातेलं आपटलं. "तुझ्या पोटात का दुखतंय? तुला बाटली मिळाली, मला मशीन मिळतंय, म्हणून?"

"बाई गं, एकदा विचारून तर बघ त्यांना. बाजारात तुरी अन्..."

"विचारू? देणाऱ्याला विचारू, खरंच देणार ना म्हणून? मला नाही शोभत तसलं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीनं शिंप्याचं काम सोडलंसुद्धा. तुझी बोलणी आता दुसऱ्या कुणाला ऐकव, असं तोंडावर सांगून आली. ठेकेदारानं कापलेल्या कापडाचं गाठोडंही आणून टाकलंय घरी."

शिंपी कसला माणूस आहे ते आख्ख्या गल्लीला ठाऊक. तो तिला पुन्हा दारात उभी करणार नव्हता. मी कणीक मळायला घेतली आणि देवा, माझंच डोकं फिरलेलं असू दे, असं म्हटलं.

समारंभाच्या दिवशी मावशी धुतलेलं लुगडं नेसून आली. लेकीला मागच्या दारी उभं केलं होतं, सोबत गल्लीतल्या माणसाची हातगाडी मागून आणलेली. मशीन जड, हातांवर कसं न्यायचं? दिवाणखान्याच्या मधोमध चादरीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलं होतं, वर लाल फीत. मावशी माझ्या कानाशी लागली, "केवढं दिसतंय गं! नवंच घेतलं की काय?"

मी चहाचा ट्रे घेऊन पुढे गेले. कोचासमोर नवीन टेबल होतं, वर जाड काच. ट्रे ठेवायला वाकले आणि काचेखाली मला लोखंडी नक्षीचे पाय दिसले. मधे ती जाळीची पायपट्टी. बाईंच्या भाचीनं सँडल न काढताच तिच्यावर पाय ठेवला होता आणि गप्पा मारता मारता खालीवर, खालीवर चालवत होती. चाक फिरत होतं, तेल घातलेलं होतं ना.

मागे वळून मावशीला काही खुणावणार, तोवर बाईंनी टाळी वाजवली. "आणि आता आमच्या मावशी! खरं तर मावशींना बक्षीस म्हणायचंच नाही, त्या घरच्याच."

फीत ओढली, चादर पडली. पांढरंशुभ्र, गोल काचेच्या दाराचं, कपडे धुवायचं मशीन.

पाहुण्यांनी टाळ्या पिटल्या. मावशीनं त्या गोल काचेत वाकून पाहिलं, जणू तिचं मशीन आत कुठंतरी असेल.

"आता धुण्याची कटकट संपली तुमची," बाई म्हणाल्या. "मेहनतच नाही, तेव्हा पुढच्या महिन्यापासून धुण्याचं वेगळं काही द्यायला नको. हो ना?"

"बाई," मावशी म्हणाली, "ते... थोरल्या बाईंचं मशीन?"

बाईंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते, नीट कळलेलं मी पाहिलं. आणि त्यांना हसू फुटलं, ते आवरेना. "अगंबाई! तुम्हाला वाटलं, आईंचं मशीन देणार? अहो, ते तुमच्या समोरच तर आहे! खाली बघा. कसं सुरेख टेबल झालंय! वरचं डोकं भंगारवाल्यानं नेलं, त्याचा काय उपयोग?" फोनकडे वळून म्हणाल्या, "भावजी, ऐकलंत का? मावशींची गंमत ऐका. सांगा ना मावशी, तुम्हाला काय वाटलं होतं?"

मावशीनं सांगितलं. "मला वाटलं, थोरल्या बाईंचं मशीन माझ्या पोरीला."

दिवाणखाना खदाखदा हसला. "आवाज नाही पोचला, परत सांगा, जोरात," फोनमधून दीर म्हणाले. मावशीनं परत सांगितलं. जोरात. भाचीचा पाय हसताहसता पट्टीवर दणादण पडत होता. माझ्या हातात गरम चहाची किटली होती, आणि कोणाच्या डोक्यावर ओतावी एवढंच ठरत नव्हतं. शेवटी कपांतच ओतली. मलाही घर चालवायचंय.

"बरं, आता दोन शब्द!" बाई म्हणाल्या.

मावशीनं फोनकडे बघून हात जोडले. "उपकार झाले."

निघताना बाई मागच्या दारापर्यंत आल्या. हातगाडी बघून खूश झाल्या. "बरं झालं गाडी आणलीत! ते मशीनचं खोकं न्या घरी. चांगलं मजबूत आहे, कपडे ठेवायला होईल. आम्हाला अडचणच झाली होती." नको म्हणायचं त्या घरात कुणाला शिकवलेलंच नाही. ड्रायव्हरनं आणि मी खोकं गाडीवर चढवलं. लेकीनं आईकडे बघितलं, आईनं जमिनीकडे. पोरीला बाकी काही सांगावं लागलं नाही.

माझी खोली मावशीच्या शेजारीच, म्हणून मीही गाडीला हात लावून चालत होते. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि माझा जीव अर्धा झाला. मावशीनं आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. बायका दारादारांत उभ्या होत्या. एकीनं मशीनवर बसायला स्वतःचं स्टूल आणून मावशीच्या दारात ठेवलं होतं, गणवेशाच्या गाठोड्याशेजारी.

गाडीवरचं खोकं दिसताच कुणीतरी ओरडलं, "आलं गं, मशीन आलं!" आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, ते जास्त वाईट. स्टूलवालीनं पुढे होऊन मावशीला मिठी मारली. "केवढं मोठं आहे! अगं, बोल की काहीतरी!"

लेकीनं गाडी दारापर्यंत नेली आणि दांडा सोडला. एका हातानं खोकं ढकललं, ते सरळ जाऊन गाठोड्यावर आडवं पडलं.

"रिकामं आहे," ती म्हणाली.