पंचामृतात बुडालेला मिग

मी एक जुना, पातेल्याच्या पत्र्यातून कापलेला मिग, म्हणजे खेळण्यातलं लढाऊ विमान आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, माझ्या अंगाला आंबलेल्या दह्याचा आणि थिनरचा वास येतो. मला स्वतःचीच किळस येते, तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत तर मी रागावणार नाही.

मला हिरामणकाकांनी घडवलं. ते ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातलं फुटकं पातेलं कापून माझे पंख केले आणि शर्टाच्या बटणांची चाकं लावली. एकाहत्तरच्या लढाईच्या वर्षी त्यांनी ज्या विमानाची चाकं पहिल्यांदा बसवली, त्याचा नंबर माझ्या शेपटीवर रंगवला. रंग इतका जाड दिला, की आकडे बोटाला लागत. पुढे काचबिंदूने त्यांची नजर गेली, तरी त्या आकड्यांवरून अंगठा फिरवला की ते खूश होत.

आपल्यामागे मी भंगारात जाईन, या धास्तीने त्यांनी मला पिंपळगावच्या सोमनाथशेठना दिलं. द्राक्षांच्या पॅकहाउसचे हे मालक लढाऊ विमानांची खेळणी जमवतात. विमान कोणतं, कुठल्या लढाईतलं, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. कपाट भरलं की झालं! काकांची अट एकच होती. दर दसऱ्याला ते येतील, तेव्हा मला त्यांच्या हातात द्यायचं. शेठ हो म्हणाले.

कारखान्यात खंडेनवमीला काका पान्ह्याला चिमूटभर कोरडं कुंकू लावत, विमानाला बोटसुद्धा लावू देत नसत. यंदा खंडेनवमीला शेठनी मात्र कपाटातल्या आम्हा सगळ्या विमानांना परातीत बसवून पंचामृताचा अभिषेक केला, आणि वर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. माझ्या नाकातून दही गळत होतं. संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या. पोटात मुंग्या, चाकांत मुंग्या. शी!

दसऱ्याच्या सकाळी काका यायचे म्हणून शेठनी घाईघाईने मला थिनरने खसाखसा पुसलं. मुंग्या गेल्या, त्यांच्याबरोबर नंबरही गेला. शेठनी दुसऱ्याच एका विमानाच्या खोक्यातला चकचकीत नंबर त्या जागी चिकटवला. त्या गुळगुळीत कागदाची मला मुंग्यांहून जास्त शिसारी आली.

काका नातीचा, सृष्टीचा, हात धरून आले. शेठना सोनं दिलं आणि मला हातात घेतलं. अंगठा शेपटीवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला.

“शेठ, हे माझं इमान नाय,” काका म्हणाले. “माझं काढा ना बाहेर. मी थांबतो.”

शेठ म्हणाले, हेच आहे काका, जरा साफ केलंय. काकांनी बटणाची चाकं चाचपली. मग सृष्टीला शेपटीवरचा नंबर वाचायला सांगितला. तिने वाचला. काकांनी मला शेठकडे परत केलं.

“ठेवा आत,” ते म्हणाले. “आता तुमचंच झालं ते.”

पुढच्या दसऱ्याला येतो, असं ते म्हणाले नाहीत. ते गेल्यावर शेठ बायकोला म्हणाले, म्हाताऱ्याला आता काही आठवत नाही. मला शेठना पाहून ओकारी आली.

मित्रांनो, तुम्हीही गाड्या, विमानं, नाणी जमवत असाल. खुशाल जमवा. पण कुणी जीव ओतून केलेली वस्तू तुमच्याकडे आली, तर ती कशी जपायची हे आधी त्यालाच विचारा. शेठनी तर काकांना नुसता एक फोन केला असता तरी पुरे होतं. व्हिडिओ काढायला तो हातात होताच.