वालात उभे ट्रेलर

सोनुबाईचं वालाचं शेत म्हणजे तिचा जीव की प्राण. भात कापलं की ओलीवर वाल पेरायचे, आणि मग कुणाच्या बापाची बिशाद नव्हती त्यात पाय टाकायची! खालापूरजवळ, हमरस्त्याला अगदी लागून शेत. पण म्हातारीचा दरारा असा, की बकरीसुद्धा लांबून वळसा घालायची.

तिचा मुलगा रूपेश ट्रेलर चालवायचा, गुजरातेतून पार पुण्यापलीकडे. घर रस्त्यावरून दिसायचं, पण थांबणार कुठं? कडेला उभं राहावं तर मागून कुणी ठोकायचं, नाहीतर झोपेत डिझेल चोरीला जायचं. सून हर्षला एकदा भीतभीत सासूला म्हणाली, "आई, शेतात लावू दे ना गाडी."

"आनि वाल काय तुझ्या डोक्यावर पेरू?" सोनुबाई फणकारली. विषय संपला.

जानेवारीतल्या जोडसुट्टीला घाटात मोटारींची ही गर्दी! पोलीस मोठ्या गाड्या वर सोडेनात, आणि रस्त्याकडेला थांबूही देईनात. सकाळी रूपेशचा फोन आला. "आये, रातभर चालवतोय, डोळं मिटतायत. कुठं उभं राहू देत नाय गं."

सोनुबाईनं फोन टाकला. कोयता घेऊन ती धावली, बांधावरचं कुंपण स्वतःच्या हातानं तोडलं आणि ट्रेलर दिसताच पदर हलवू लागली.

"घाल आत!"

"आये, शेंगा भरल्यात..."

"खड्ड्यात गेल्या शेंगा! घाल म्हंते ना!"

ट्रेलर आत आला. म्हातारीनं तिकडं पाठ फिरवली, बघवेना तिला. तर हा पठ्ठ्या खाली उतरेना. "लोकांचा माल हाय. गाडी सोडून कसा झोपू?"

"मग मी काय मेले? मी बसते राखनीला. जा घरात."

रूपेशला घरात पिटाळून, बाज टाकून, काठी घेऊन ती बसली. तेवढ्यात रस्त्यावरून दुसरा ड्रायव्हर हात जोडत आला. डोळे लालभडक. "माताजी, थोडी देर?" मागं आणखी गाड्या खोळंबलेल्या. सोनुबाईनं उरलेल्या वालाकडं एकदा पाहिलं.

"घाला, मेल्यांनो, घाला! उन्हातान्हात मरू नका तिकडं!"

दुपारी हर्षला चहा घेऊन आली आणि जागीच थबकली. शेतभर ट्रेलर, केबिनींतून घोरण्याचे आवाज, आणि वालाचा एक वेल उभा नाही. "अगं बाई! आई, सगळे वाल गेले की वो!"

सोनुबाईनं डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल गं. पोरं झोपलीत माझी."