सातव्या मिनिटाला भार

शहराच्या कडेचं ते तेलावर चालणारं छोटं वीजकेंद्र वर्षातून जेमतेम चाळीस तास चालायचं. बाकी दिवस नुसतं सज्ज उभं. मोठ्या केंद्राने दगा दिला की दहा मिनिटांत शहराच्या विजेचा भार उचलायचा, एवढंच त्याचं काम. तिथल्या ऑपरेटरला सगळे 'हीटर' म्हणत, कारण तो इंजिन थंड पडूच द्यायचा नाही. इंजिन कोमट ठेवणाऱ्या पाण्याच्या पाइपला रोज हात लावून बघायचा, आजारी पोराचं कपाळ बघावं तसा. थंड इंजिनाला भार घ्यायला अर्धा तास लागतो, हे त्याला पक्कं ठाऊक.

त्या दिवशी तपासणीसबाई आल्या होत्या. केंद्र ठेवायचं की मोडीत काढायचं, ते त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. ऐन दिवेलागणीला नियंत्रण कक्षाचा फोन खणखणला. मोठ्या केंद्राचं एक युनिट बंद पडलं होतं. दहा मिनिटांत भार घ्या, नाहीतर अर्ध्या शहराची वीज तोडावी लागेल.

केंद्राचा फिटर म्हणजे हीटरचा मेव्हणाच. तो कानाशी लागला.

"दाजी, घाई नको. होऊ दे की थोडा अंधार! सगळ्यांचे डोळे तरी उघडतील."

"आणि लिफ्टमध्ये माणसं अडकली तर?"

"तासाभरात सुटतील. आपण कायमचे घरी बसू, त्याचं काय?"

खोटं काय होतं त्यात? पंचावन्नाव्या वर्षी हीटरला दुसरीकडे कुत्रंही विचारणार नव्हतं. बटणापाशी त्याचा हात अडखळला. पण मेली सव्वीस वर्षांची सवय! सातव्या मिनिटाला इंजिनाने पूर्ण भार घेतला. शहरात एकही दिवा लुकलुकला नाही.

बाईंनी फॉर्म भरला. तीन वर्षांत या केंद्राच्या भागात वीज किती वेळा गेली? शून्य. शेरा: केंद्राची गरज दिसत नाही.

"अहो बाई, गेली नाही ती आमच्यामुळे!" हीटर म्हणाला.

"मला कळतंय हो. पण त्याला फॉर्ममध्ये रकानाच नाही." बाई खरंच ओशाळल्या होत्या. ओशाळून त्यांनी सही केली.

जाता जाता त्यांनीच सांगितलं, नदीपलीकडच्या केंद्राला नवी यंत्रं मंजूर झालीत. गेल्या महिन्यात तिथलं इंजिन सुरूच झालं नाही. चार तास अंधार, लोकांची बोंबाबोंब, मग वरच्यांना जाग आली.

हीटर इंजिनाशेजारी उभा राहिला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला आपल्या चोख कामाची लाज वाटली.