रांगेच्या शेवटी आजोबा

लेकीने तोंड उघडून काही सांगितलं नव्हतं, पण आजीला जे कळायचं ते कळलं होतं. पुढच्या महिन्यापासून लेक पुन्हा नोकरीवर जाणार होती. दोन्ही मुलांना दिवसभर कुणी सांभाळायचं, आजीने की पाळणाघराने, हा प्रश्न घरात न बोलावलेल्या पाहुण्यासारखा मुक्काम ठोकून बसला होता. "आमच्याकडे ठेव की, आठवड्याचे पाचही दिवस," असं आजी उठता-बसता म्हणायची. "बघू गं आई," म्हणून लेक विषय टाळायची. आणि मग अचानक ही सहल निघाली. मोठ्या थीम पार्कात दोन दिवस, तेही आजी-आजोबांना घेऊन. आजीची सगळी नोकरी बालवाडीत मुलांवर नजर ठेवण्यात गेली होती. त्यामुळे कुणाची नजर आपल्यावर आहे हे तिला लगेच कळायचं, आणि ही सहल म्हणजे आपली परीक्षा आहे हेही.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर लेक जरा अवघडूनच म्हणाली, "आई, आम्ही दोघं त्या रोलर कोस्टरवर जाऊन येऊ? रांग लांबलचक आहे. तोवर मुलं तुमच्याकडे."

"जा गं खुशाल," आजी म्हणाली. "चाळीस-चाळीस पोरं नेली आणली मी. ही दोन म्हणजे काय!"

"तेव्हाची गोष्ट वेगळी, आई."

"पोरं तीच असतात," आजी म्हणाली. जावयाने हळूच बायकोचा हात धरून तिला तिथून काढलं.

सहा वर्षांच्या नातीला घरात सगळे बाईसाहेब म्हणत, कारण ती कुणाचंच ऐकत नसे आणि सगळ्यांना कामं सांगत असे. तीन वर्षांचा नातू म्हणजे ढब्बू. तो कुणाचंही ऐकत असे, फक्त रस्त्यात मुंगी दिसली तरी थांबत असे. आजीने बाईसाहेबांचा हात धरला, ढब्बूला आजोबांकडे दिलं आणि वरात निघाली ती नावेच्या खेळाकडे.

ही चालायची पद्धत बालवाडीतली. सहलीला मुलं न्यायची तर रांगेच्या पुढे बाई आणि सगळ्यात मागे मदतनीस मावशी. पुढच्या बाईने मागे वळायचं नाही. ती वळली की अख्खी रांग थांबते, पोरं एकमेकांवर आदळतात आणि कुणीतरी रडायला लागतं. मागचं सगळं मावशीने बघायचं. किती वर्षं झाली त्या सहलींना, पण ओल्या गवताचा वास आला की आजीला अजून ती हातात हात गुंफलेली, नाकं वाहणारी रांग दिसायची. लग्नानंतर हीच पद्धत तिने घरी आणली. बाजार असो, लग्नकार्य असो, पुढे आजी, मागे आजोबा. जन्मभर छापखान्याच्या यंत्राजवळ उभं राहून आजोबांच्या कानांचं मातेरं झालं होतं; मागून आजीचे शब्द कळत नसत, नुसती गुणगुण पोचत असे. त्यामुळे आजीने चालताना बोलत राहायचं आणि त्यांनी मागून उत्तर द्यायचं नाही, हेही ठरून गेलेलं. संसार त्यावर उत्तम चालला होता.

तर आजी चालत होती आणि बोलत होती. "बघितलंत का, पाळणाघराचं म्हणे आधीच बघून ठेवलंय तिने. मला एका शब्दाने सांगितलं नाही. म्हणजे आपण म्हातारे झालो असंच ना? तुम्ही म्हणा की काहीतरी तिला कधीतरी. सगळं मीच बोलायचं, मीच वाईट व्हायचं. जावई बिचारा गरीब. पण गरीब माणसाचा उपयोग काय? आणि मी सांगून ठेवते, ढब्बूला तिथे दुपारी झोप यायची नाही. त्याला पाठीवर थोपटायला लागतं."

कारंज्यापाशी बाईसाहेबांनी तिचा हात ओढला. "आजी, तू कुणाशी बोलतेयस?"

"आजोबांशी."

"ते आजोबा आपले नाहीत."

आजी वळली. मागे पिवळी टोपी घातलेले एक अनोळखी गृहस्थ उभे होते. त्यांच्या हाताला एक अनोळखी मुलगा होता आणि ते अत्यंत गंभीरपणे ऐकत होते. त्या पिवळ्या टोप्या पार्कवाल्यांनी सकाळी दारातच प्रत्येक वयस्कर माणसाच्या डोक्यावर चढवल्या होत्या. आजीच्याही डोक्यावर तीच होती.

"थोपटायला आमच्याही नातवाला लागतं," गृहस्थ म्हणाले. "मध्येच तोडावंसं वाटेना तुम्हाला."

आजीने पर्समधून मोबाइल काढला आणि आजोबांचा नंबर लावला.

"आजी," बाईसाहेब म्हणाल्या, "तुझी पर्स वाजतेय."

आजोबांना रिंग ऐकू येत नसे, म्हणून त्यांचा फोनही आजीच्याच पर्समध्ये असे.

ती आल्या वाटेने परत गेली. बदकांचं तळं पाहिलं, फिरत्या घोड्यांभोवती चक्कर मारली, थंड पाण्याच्या नळापाशी पाहिलं. पिवळ्या टोप्या जिकडेतिकडे होत्या आणि प्रत्येक टोपीखालून भलताच चेहरा निघत होता. तळ्याला कठडा होता, पण ढब्बूच्या उंचीला त्याच्या खालून सहज जाता आलं असतं, हे तिच्या लक्षात आलं आणि ती वाकून पाण्यात बघू लागली.

"आपण माइकवरून बोलावू या," बाईसाहेब म्हणाल्या. "काल एका दादाचा बूट हरवला तेव्हा बोलावलं होतं. सगळ्या पार्कात ऐकू आलं."

सगळ्या पार्कात. म्हणजे रोलर कोस्टरच्या रांगेतही. आजी तिथेच थांबली. आणखी एक चक्कर मारली तर सापडतीलही, आणि मग कुणाला काही कळायचं कारण नाही. बाईसाहेबांना आइस्क्रीम दिलं की त्यांचं तोंड बंद राहील, हेही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. माइकवर गेलं की मात्र संपलं. लेक "बघू गं आई" असंसुद्धा म्हणणार नाही. सरळ पाळणाघर.

मग तिला पुन्हा तो कठडा दिसला. "चल, कुठे आहे तो माइक?" ती म्हणाली.

खिडकीतल्या मुलीने विचारलं, "कोण हरवलंय, आजी?"

"माझा नातू. आजोबांबरोबर."

"म्हणजे नातू हरवला की आजोबा?"

"दोघं एकमेकांबरोबर आहेत, माझ्याबरोबर नाहीत!"

"वय?"

"कुणाचं?"

"आजोबांना ऐकू येत नाही," बाईसाहेबांनी मध्येच सांगितलं. "ढब्बूला येतं, पण तो लक्ष देत नाही. त्याचे बूट लाल आहेत."

एका मिनिटात आजीच्या घरची ही सगळी परिस्थिती पार्कभर दुमदुमली. पिवळी टोपी, राखाडी स्वेटर, कमी ऐकू येतं, सोबत लाल बुटातला छोटा मुलगा, दिसल्यास कृपया हात धरून चौकशीच्या खिडकीपाशी आणावे. लोक भले होते. त्यांनी लगेच आजोबा आणायला सुरुवात केली. पहिल्या आजोबांचे कान चांगले तिखट होते आणि ते भयंकर संतापलेले होते. "अहो, मी हरवलेलो नाही! माझी माणसं तिथेच बसली आहेत!" दुसरे आनंदाने आले होते, बरोबर मूलही नव्हतं. बसायला खुर्ची मिळाल्यावर त्यांनी उठायचं नाव काढलं नाही.

तेवढ्यात लेक धावत आली. केस सुटलेले, चेहरा पांढराफटक. मागून जावई तिची एक चप्पल हातात घेऊन येत होता.

"आई! कुठे गेला तो?"

आजीने कुणावर ढकललं नाही. "माझी चूक," ती म्हणाली. "मी पुढे चालत राहिले. वळून बघितलंच नाही."

लेक काही बोलणार, तोच नावेच्या बाजूने पिवळी टोपी घातलेल्या एक बाई आल्या. त्यांनी आजोबांना दंडाला धरलं होतं आणि आजोबांच्या खांद्यावर ढब्बू बसला होता.

"हे तुमचे का?" बाई म्हणाल्या. "केव्हापासून माझ्या मागे मागे येताहेत. नावेच्या रांगेतसुद्धा माझ्यामागेच उभे. पोलिसांना सांगणार होते मी. पण मूल इतकं गोड, म्हटलं असं कसं."

लेकीने ढब्बूला ओढून घेतलं आणि त्याच्या मानेत तोंड खुपसलं. ढब्बूने आईला बातमी दिली, "बदक पाण्यात शू करतं."

"अहो, तुम्हाला कळलं नाही ती मी नव्हे?" आजीने विचारलं. "इतक्या वर्षांत माझी पाठ ओळखता येईना?"

"टोपी तीच होती," आजोबा म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "आणि तू बोलेनाशी झालीस. मला वाटलं, रागावलीस. म्हटलं, आता गुमान मागे चालत राहावं."

जावई आधी खोकला. मग त्याला राहवेना, तो हसत सुटला. खिडकीतली मुलगी हसली. लेकीला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि ती चप्पल न घालताच पायरीवर बसली. आजी तिच्याशेजारी टेकली. आजोबा बाईसाहेबांच्या चौकशीला तोंड देत होते.

"मी माइकवर ऐकलं ना," लेक म्हणाली, "तेव्हा चप्पल कुठे पडली तेही कळलं नाही."

"मी त्या तळ्याच्या कठड्याखाली बघत होते." आजी आपल्या गुडघ्यांकडे बघत म्हणाली, "एक सांगते. पाच दिवस मागत होते तो हट्ट होता. तुझ्या वेळी मी तिशीत होते, दिवसाला दोन चकरा बाजारात व्हायच्या. आता दोघांमागे रोज पळणं मला झेपायचं नाही. तीन दिवस दे. घरात राहू, गच्चीवर खेळू. दोन दिवस तुझं ते पाळणाघर."

लेकीने तिच्याकडे वळून पाहिलं. आपली आई कधी कमी मागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसावं.

"पाळणाघराचं तुला कुणी सांगितलं?"

"तुझा नवरा गरीब आहे. त्याच्या पोटात काही राहत नाही."

"आई, मी ऐकतोय," जावई म्हणाला.

"तीन दिवस," लेक हळूच म्हणाली. "एक महिना करून बघू. आणि बाबांचा फोन बाबांच्या खिशात, आवाजावर नाही, थरथरीवर."

"बरं."

"बरं नाही, नक्की म्हण."

"नक्की," आजी म्हणाली.

दोन दिवस हातचे गेले याचं तिला मनापासून वाईट वाटलं. आणि त्या दोन दुपारी पाय पसरून निवांत पडता येईल, हेही लगोलग मनात आलंच. त्याबद्दल तिला आधी स्वतःचा राग आला आणि मग हसू आलं. लेकीने का हसतेस म्हणून विचारलं, तर तिने पर्समधून आजोबांचा फोन काढून थरथरीवर लावायला तिच्या हातात दिला.