कच्ची चिलीम

आवडाबाई तंबाखू ओढत नसे. हे तिनं स्वतःच इतक्यांदा सांगितलं होतं, की कळव्याच्या खाडीकाठच्या त्या गावात कुणाला शंका उरली नव्हती. तिची जाऊ गोदा मिठागराच्या बांधावर बसून खुशाल विडी ओढायची. आवडाबाई तिला चार बायकांत ऐकवायची, "बाईचे जातीनं धूर काढावा तो चुलीचा." गोदा यावर नाकातून धूर सोडायची.

आवडाबाई फक्त नवऱ्याची चिलीम पेटवून द्यायची. आता चिलमीवर नुसता विस्तव ठेवून भागत नाही. दोन-चार झुरके ओढल्याशिवाय तंबाखू धरत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राघो मिठागरावरून येऊन, पाय धुऊन ओटीवर टेकला की ती मागच्या दारी चुलीपाशी बसायची. चिलमीच्या तळाशी खडा, त्यावर हातावर चुरलेला तंबाखू, वर निखारा, आणि ओढायच्या टोकाला छापी, म्हणजे ओल्या फडक्याची घडी. मग एक झुरका. धरला की नाही याची खात्री करायला दुसरा. आवडाबाईची खात्री पटायला जरा वेळ लागायचा, इतकंच. ओटीवर पोचेपर्यंत चिलीम अर्धी झालेली असायची, आणि बिचारा राघो म्हणायचा, स्वराज्य आल्यापासून तंबाखू फार लवकर जळतो.

चिलीम पारखावी तर तिनंच. कल्याणच्या कुंभारवाड्यात ती ढिगातली एकेक उचलायची, नखानं टिचकी मारून कानाशी धरायची, भोकातून उजेडाकडे बघायची. बद्द वाजली की परत ढिगात. घरी मग तिची उठाठेव चालायची. किट चढलं की चिलीम निखाऱ्यात घालून जाळायची, नळीत चिंधी फिरवायची, छापी रोज धुवायची. आवडाबाईनं निवडलेली चिलीम विझत नाही, असा गावात लौकिक होता. त्या लौकिकाला ती गळ्यातल्या सोन्याहून जपायची.

अशा सुखाच्या संसारात राघोला एकाएकी दया आली.

झालं असं, की एका संध्याकाळी खात्री करता करता आवडाबाईला जोराचा ठसका लागला. डोळ्यांतून पाणी आलं. राघो धावत मागच्या दारी आला आणि तिच्याकडे बघतच राहिला.

"माजेपायी तुला धूर गिलाया लागते," तो म्हणाला. "बस झाला. आजपासून चिलीम बंद."

"आवो, मना सवय हाय."

"आता सवय मोड."

राघो शब्दाचा पक्का होता. नको तिथे तर फारच. त्यानं हे गावभर सांगितलं. विहिरीवर बायका म्हणाल्या, "नशीब काढलंस गो बाय." आवडाबाई हसली. गोदा नुसती बघत राहिली, आणि ते जास्त लागलं.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली. बोलावं तर काय बोलावं? जे आपण कधी केलंच नाही ते सुटलं म्हणून रडता येत नाही. संध्याकाळ झाली की तिचा जीव कासावीस व्हायचा. कालवणात मीठ दोनदा पडायचं. न वापरलेली छापी ती रोज धुऊन वाळत घालायची, आणि ती वाळताना बघून तिला खरंच रडू यायचं.

मग एक दिवस राघोचा भाचा महिपत आला. मोहन्याच्या कारखान्यात नुकताच लागलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो पाणी मागत होता. आवडाबाईनं पेटती चिलीम आणून पुढे केली.

"मामी, आमी आता शिगरेट वडताव," महिपत म्हणाला.

"मंग इझवून येतू," असं म्हणून आवडाबाई चिलीम घेऊन मागे गेली. पेंढ्याच्या उडवीआड बसून तिनं ती विझवली, म्हणजे तळाचा खडा तापेपर्यंत ओढली. डोळे मिटले होते. बऱ्याच दिवसांनी जग ठीकठाक वाटत होतं.

उठून वळली, तर उडवीच्या कोपऱ्याशी पाण्यानं भरलेला घरचा हंडा. तो तिनं आणलेला नव्हता. पेंढ्यावर धूर बघून कुणीतरी आग विझवायला धावलं होतं, आणि तिला बघून हंडा तिथेच ठेवून आल्या पावली परत गेलं होतं. महिपतला घरातला हंडा सापडणं शक्य नव्हतं. म्हणजे राघोच.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रात्री ती बोलणी खायची वाट बघत बसली. राघोनं मागून दुसऱ्यांदा कालवण घेतलं, हात धुतला आणि म्हणाला, "उद्या कल्यानला जाव. नवी चिलीम आनाची."

"कुनाला?"

"आल्यागेल्याला."

कुंभारवाड्यात तिनं अख्खा ढीग उपसला. आयुष्यात वाजवली नव्हती अशी खणखणीत चिलीम मिळाली.

संध्याकाळी तिनं ती भरली, घाबरत एकच झुरका घेतला आणि ओटीवर आणून दिली. राघोनं हातात धरली. तोंडाला लावली नाही.

"इझली गो," तो म्हणाला.

आवडाबाईनं बघितलं. निखारा लालबुंद होता. राघो खाडीकडे बघत होता.

ती तिथेच, त्याच्या शेजारी ओटीवर बसली. चिलीम घेतली, पेटवली, परत दिली. त्यानं धरली.

"परत इझली."

तिनं पुन्हा घेतली. या खेपेला घाई केली नाही.

इतक्यात बांधावरून गोदा आली. उभी राहून तिनं सगळं नीट बघितलं आणि ठसक्यात विचारलं, "काय गो आवडे? तू निवडलेली चिलीम, आन इझते?"

राघोनं काहीतरी सांगायला तोंड उघडलं.

"कच्ची लागली गो औंदा," आवडाबाई म्हणाली, आणि पेटवायला लागली.