गुरुजींनी जुना पायथन काढला

देऊळघाटचे लक्ष्मीकांत गुरुजी शाळेत गणित शिकवायचे. निवृत्तीनंतर ते पत्रिका जुळवू लागले. त्यासाठी पायथन या संगणकाच्या भाषेत त्यांनी स्वतःच प्रोग्रॅम लिहिला. लिनक्स या मोफत प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपवर तो चार वर्षं बिनतक्रार चालला. यंदा त्यांना ग्रहगणिताची नवी लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, जोडायची होती आणि ती जुन्या पायथनवर चालेना.

नागपूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या लेकीनं, गार्गीनं, फोनवर बजावलं, "बाबा, नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी टाका. जुन्याला हात लावू नका. लिनक्सची स्वतःची कामं त्याच्यावर चालतात."

नवं व्हर्जन तासाभरात बसलं, प्रोग्रॅमही चालला. पण गुरुजींना चैन पडेना. एका लॅपटॉपात दोन पायथन म्हणजे एका लग्नाला दोन मुहूर्त. जेवायला उठण्याआधी त्यांनी जुनं काढायची कमांड दिली. सोबत काय काय जाणार याची लांबलचक यादी पडद्यावर आली. ती न वाचताच त्यांनी होकार दिला.

जेवून लॅपटॉप पुन्हा सुरू केला, तर चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत. काळा पडदा नुसतं नाव आणि पासवर्ड विचारत होता.

तेवढ्यात उंद्रीचे इंद्रभान धाकट्या मुलाची आणि सांगून आलेल्या मुलीची पत्रिका घेऊन दारात उभे.

"मशीन बंद हाये काय, गुरुजी?"

"जरा विश्रांती घेतंय," म्हणत गुरुजी पंचांग आणि पेन्सिल घेऊन बसले. त्यांच्या पत्नी शारदाबाईंनी दोनदा चहा दिला. सव्वा तासानं चोवीस गुण निघाले.

इंद्रभान खूश झाले. "मोठ्याच्या वक्ताले तुमी बटन दाबून सांगून टाकलं होतं. मले काही पटलं नोतं. आज कशी मेहनत दिसली."

संध्याकाळी गुरुजींनी गार्गीला फोन लावून काळ्या पडद्याचं सांगितलं.

"जुनं काढलंत ना?" तिनं विचारलं.

"अडगळ वाटली गं."

मग तिनं दुरुस्तीच्या कमांडचं एकेक अक्षर सांगितलं, शारदाबाईंनी फोन धरला आणि गुरुजींनी टाइप केलं. दीड तासानं खिडक्या परत आल्या. दोन्ही पायथन जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी उंद्रीहून तिघं आपापल्या मुलांच्या पत्रिका जुळवायला घेऊन आले. गुरुजींनी उत्साहानं लॅपटॉप उघडला.

"ते राहू द्या," त्यातला वडीलधारा म्हणाला. "आमाले इंद्रभानसारखी पाह्यजे. हातानं केलेली."

तिसरी पत्रिका जुळवून होईपर्यंत दुपारचे दोन वाजले.