निळ्या डबीतली पुंगळी

रायफलच्या काडतुसाची पुंगळी म्हणून माझं आता बरंच वय झालं, मित्रांनो. गोळी जाते, नाव कमावते. दारू जळते, आवाज करते. मागे उरते ती पितळेची रिकामी पुंगळी. वाकून तिला उचलायला कोणी असलं, तर तिला आयुष्य असतं.

मला उचलणारा होता आर्लो ट्वाइट. मोंटानातल्या वाऱ्याच्या माळावर त्याचं घर आणि घराला लागून गॅरेज. गॅरेजमध्ये गाडी नव्हती, आम्ही होतो. कारखान्यातून शंभरजणी आलो. त्याने आम्हाला तराजूत घातलं आणि ज्या केसभर जड निघाल्या त्यांना भंगाराच्या बादलीत टाकलं. कुठलंही चांगलं घराणं असंच सुरू होतं.

प्रत्येक वेळी बार उडाला की मी फुगायची, बंदुकीच्या पोटाचा आकार घ्यायची. मग आर्लो मला तेलाचं बोट लावून पोलादी साच्यात घालायचा आणि दांडा ओढायचा. अंग आवळलं जायचं, खांदा किंचित मागे सरायचा, वाढलेलं तोंड कापलं जायचं. "ये गं राणी, झालंच हं," असं तो म्हणायचा. हे तो मला म्हणायचा. मुलीला तो फक्त "कॉफी" एवढंच म्हणायचा.

मुलीचं नाव मारित. चाळिशीची, त्याच आवारात नवऱ्याबरोबर राहणारी. दोन्ही घरचा स्वयंपाक तिच्याकडे. नवरा डेल दिसायला उमदा आणि रुसायला त्याहून उमदा. जेवणात एल्क हरणाचं मांस कमी शिजलं तर तो तीन दिवस भिंतीशी बोलायचा.

पितळेचा एक स्वभाव सांगते. वारंवार फुगवलं आणि आवळलं की ते कडक होतं. म्हणून अधूनमधून आमची मान ज्योतीवर धरून नरम करावी लागते. नाहीतर एक पुंगळी गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल. मग एक गोळी जोरात जाते, दुसरी रेंगाळते, आणि हजार यार्डांवर एक वर लागते, दुसरी खाली.

आर्लोने अक्रोडाच्या दस्त्याची एक रायफल स्वतः घडवली होती. हात थरथरू लागले तेव्हा त्याने जेवताना जाहीर केलं, "नेमबाजी क्लबच्या सामन्यात तुम्हा दोघांत जो जास्त गुण मिळवेल, त्याची रायफल. काडतुसं मीच भरणार, दोघांचीही."

मारितच्या हातातला चमचा थांबला. ती रायफल सोडून तिने बापाकडे आयुष्यात काही मागितलं नव्हतं.

"सासरेबुवा, सरळ मलाच देऊन टाका की," डेल म्हणाला. "बायकोला रडवायला मला आवडत नाही."

"तुला वारा वाचता येतो का आधी?" मारितने विचारलं. "परवा मैदानावरच्या वाऱ्याच्या झेंड्याकडे बघून टोपी घट्ट केलीस, बाकी काही नाही."

सामन्याआधी आर्लोने ज्योत पेटवली. अर्ध्याजणींच्या माना तापवल्या आणि त्यांना लाल डबीत ठेवलं. आमची पाळी आली तेव्हा त्याने गॅस बंद केला. मला वाटलं, गॅस संपला असेल. मग त्याने सगळ्यांना सारखं घासूनपुसून लखलखीत केलं, तापल्याचा डाग कुठे राहू दिला नाही. सज्जन माणूस, उघड भेदभाव त्याला सहन होत नसे. आम्ही निळ्या डबीत गेलो. निळी मारितची.

मारितने गवत बघितलं, झेंडे बघितले, आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळुकीला दाद देऊन मारलं. निशाण जवळ आणलं तेव्हा भोकं एकावर एक उभी होती, शिडीसारखी. डेलची भोकं डावी-उजवीकडे पांगली होती, पण एका पातळीत. गुण मोजले. डेल थोडक्यात जिंकला.

मारित निशाणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आडवं चुकलं तर माझं, बाबा. उभं चुकलं ते तुमच्या काडतुसांचं."

"वारा फार होता गं."

"वाऱ्याने गोळ्या शिडी चढत नाहीत."

घरी आल्यावर तिने लाल डबीतली एक पुंगळी साच्यात घातली. दांडा लोण्यात गेल्यासारखा उतरला. मग मला घातलं. तिला खांद्यापासून जोर लावावा लागला. बाहेर काढलं तेव्हा बार उडताना माझ्या गळ्यावर गेलेला एक बारीक तडा तिला दिसला.

"आमच्या माना तापवल्याच नाहीत तुम्ही," ती म्हणाली. माझ्यासकट स्वतःलाही तिने त्यात धरलं, हे तिच्या लक्षात आलं नसावं.

आर्लो कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "डेल हरला असता तर वर्षभर घर डोक्यावर घेतलं असतं त्याने. तुला काय, सवय आहे."

मारितने मला भंगाराच्या बादलीत टाकलं. तिथल्या जड बहिणींनी जागा करून दिली.

शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधी डेलने रायफल विकली आणि मासेमारीची होडी आणली. आर्लो गॅरेजमध्ये धापा टाकत आला. मारित त्याचं जेवण ठेवत होती.

"पोरी, तुला ठाऊक होतं?"

"हो. गिऱ्हाइकाला कॉफी मीच दिली."

"मग अडवलं नाहीस? माझी आयुष्यभराची मेहनत होती ती!"

"डेलची होती, बाबा. तुम्हीच दिलीत ना?" तिने झाकण काढलं. "जेवा, गार होतंय."

आर्लो आजही रोज गॅरेजमध्ये बसतो. त्या रायफलच्या पोटाच्या मापाच्या पुंगळ्या तेल लावून साच्यात घालतो, दांडा ओढतो, घासतो, ओळीने ठेवतो. "ये गं राणी," म्हणतो. मारित ताट ठेवते, ताट उचलते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी असेल, जिला सगळ्याची सवय आहे. तिला वेळेवर जरा ऊब द्या. तडा जाताना आवाज होतो, नाही असं नाही. पण त्याच क्षणी बार उडालेला असतो, आणि सगळे निशाणाकडे बघत असतात.